माळ्यावरचे आलू

भामरागड,
रविवार, दुपार

ती. मीराबाईस,
धाकट्या सुनिलचा सविनय जय भीम.

तुझ्या गुडघ्यांना हा पावसाळा कसा गेला ते कळव. भाऊजींचा खोकला दर श्रावणात येतो तसा आलाच असेल आणि तरीही ते सकाळी मूल गावच्या चौकात चहाला जातच असतील. त्यांनाही माझा जय भीम सांग. यानंतर पत्रात 'इकडे सर्व ठीक आहे' असं लिहायचं असतं. मी ते लिहिलं होतं, मग खोडलं (खोडलेलं तुला दिसतच असेल). तब्येत ठीक आहे. पाऊस उघडला आहे, पर्लकोटा नदीचं पाणी पुलाखाली गेलं आहे, आलापल्लीची बस पुन्हा सुरू झाली आहे. हर्षा धानोऱ्याला तिच्या आईकडे गेली ती पावसात तिकडेच अडकली, ती पुढल्या आठवड्यात येईल. एवढं ठीक आहे. जे ठीक नाही ते सांगायला हे पत्र.

फोन का नाही केला, असं तू विचारशीलच. टॉवर बंद असतो, हे कारण मी हर्षाला दिलं आहे आणि ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की आमच्या सहा घरांच्या ओळीवर टिनाचं एकच लांब छप्पर आहे आणि मधल्या भिंती त्या छपरापर्यंत पोचतच नाहीत. माणसाच्या डोक्यावरून पुढे सगळा सार्वजनिक कारभार. एका घरात फोडणी पडली की सहा घरांत शिंका. फोनवर बोललो असतो तर ते शेजारच्या जलालुद्दीनभाईंच्या कानावर गेलं असतं, आणि हे ज्याच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं तो माणूस नेमका तोच. जलालुद्दीनभाई शिंपी आहेत. आत्ता त्यांची मशीन चालू आहे, आणि ती चालू असली की मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून निवांत लिहायला बसलो आहे. (माझी सवय तुला माहीत आहे. वाक्य मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. लहानपणी मी निबंध लिहायला बसलो की तू माझ्या तोंडात चिंच कोंबायचीस. हर्षा कोंबत नाही, नुसती दुसऱ्या खोलीत जाते. खोल्या दोनच असल्यामुळे तिला फारसा फरक पडत नाही.)

तर विषय आलू. (शाळेत मी बटाटा म्हणतो, घरी आलू. हे पत्र घरचं आहे.)

पूल बुडाला की आम्ही बेट होतो, हे तुला सांगायला नको. म्हणून आमच्या ओळीची एक रीत आहे. जूनच्या सुरुवातीला सगळे मिळून आलापल्लीहून पावसाळ्याचा जिन्नस आणतात आणि एकेक घर एकेक वस्तू सांभाळतं. कोणाकडे डाळ, कोणाकडे तेल, कोणाकडे मीठ आणि मेणबत्त्या. ज्याला जे लागेल त्याने भांडं घेऊन त्या घरी जायचं. प्रत्येकाने सगळंच साठवलं तर प्रत्येकाचं थोडं थोडं नासतं. एका घराने एकच वस्तू राखली तर तिच्यावर लक्ष राहतं. शिवाय पावसात माणसं घरात कोंडली जातात, ती या निमित्ताने एकमेकांच्या दारात उभी राहतात. कांदे कायमचे जलालुद्दीनभाईंकडे. आलू कायमचे अंजनाबाईंकडे. अंजनाबाई ओळीच्या टोकाच्या घरात राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत, पण अख्खी ओळ ही आपलीच अंगणवाडी असल्यासारखं आमच्याशी वागतात.

गेल्या वर्षी त्यांच्याकडचे काही आलू हिरवे झाले. खिडकीजवळ होते, उजेड लागला. मी ते सगळ्यांसमोर निवडून बाजूला काढले, एक हातात धरला आणि 'हे विष आहे' इथपासून सुरुवात केली. कुठे थांबलो ते आठवत नाही, पण थांबलो तेव्हा ऐकायला फक्त अंजनाबाई उरल्या होत्या, कारण घर त्यांचं होतं.  या जूनमध्ये वाटणीची वेळ आली तेव्हा त्या पदर खोचून म्हणाल्या, "यंदा आलू मास्तर ठेवतीन. त्यायले लय समजते." सगळे एकदम हो म्हणाले. बाई, तुला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: मला तो मान वाटला.

मी तयारी केली. वाचलं, व्हिडिओ पाहिले, रोजनिशीत उतरवलं. आलू अंधारात, थंडाव्यात, वारा खेळेल असे ठेवले तर दोन-तीन महिने टिकतात. आपल्याकडच्या उकाड्यात महिना-दीड महिना निघाला तरी नशीब. धुवायचे नाहीत, अंगची माती राहू द्यायची. फ्रीजमध्ये गोडसर होतात. कांद्याशेजारी ठेवले की दोघंही लवकर बिघडतात (आमच्या कांद्या-आलूंमध्ये भिंत होती, अर्धीच का होईना). प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत, कारण त्यांनाही श्वास लागतो, कोंडले की घामेजतात. आणि आठवड्यातून एकदा सगळे उपसून पाहायचे, कारण एक सडला की तो शेजाऱ्याला घेऊन जातो. हे शेवटचं वाक्य मी ओळीत सगळ्यांना ऐकवलं होतं. शेजारी या शब्दावर जोर देऊन.

मागच्या खोलीत मी बांबूच्या कामट्यांचं बुटकं मचाण केलं, त्यावर तरट पसरलं, आलू एका थरात मांडले, खिडकीला पोतं लावलं. खोटं नाही सांगत, जुलैच्या मध्यापर्यंत ते आलू पाहण्यासारखे होते. कोणी घ्यायला आलं की मी आधी पद्धत समजावून सांगायचो आणि मग आलू द्यायचो. जलालुद्दीनभाईंच्या घरच्या सुलताना भाभी एकदा दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, चार आलू द्या. भाषन नोको, तेल तापून राह्यलं."

मग पूर आला. सामान उंचावर ठेवा, अशी भोंग्यावरून सूचना फिरली. पाणी दरवर्षी बाजारात शिरतं, पण आमची ओळ चढावर आहे, इथे ते आजवर आलेलं नाही. जलालुद्दीनभाई भिंतीवरून म्हणालेही, "मास्तर, आपल्या ओळीत पानी नाई येत. कायले जीव घाबरा करता?" पण सहा घरांचे आलू माझ्या ताब्यात होते. मी घरातली सगळी काळी प्लास्टिकची झिल्ली काढली, आलू तिच्यात दुहेरी गुंडाळले, सुतळीने करकचून बांधले आणि टिनाखालच्या माळ्यावर चढवले. पाणी बाजारातल्या चिंचेपर्यंत आलं, बुंध्याला टेकलं आणि परत गेलं.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई भांडं घेऊन आल्या. रिकामं मचाण पाहिलं, वर पाहिलं. "काऊन जी मास्तर, आलू वर काऊन चढवले? पोहता येत नाई का त्यायले?" पलीकडून जलालुद्दीनभाई हसले, त्यांच्या पलीकडचं घर हसलं, त्याच्या पलीकडचं हसलं. हसू असं भिंतीवरून ओळीच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. त्या वेळी मी नुसतं 'घाबरलो होतो' म्हणालो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "पुराचा काही संबंध नाही. पावसाळ्याच्या मध्यावर आलू उंचावर घ्यायचेच असतात."

"आनि हे झिल्ली?"

"दमट हवा लागू नये म्हणून."

"हो का," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांच्या 'हो का'ची तुला कल्पना नाही. मुलं त्या 'हो का'ने चड्डी वर ओढून घेतात.

आता ते खाली कसे काढणार? काढले तर मी पुराला घाबरलो होतो हे सिद्ध होतं. म्हणून मी जाहीर केलं की आलू काही दिवस तसेच मुरू द्यायचे असतात. (बाई, मुरतं ते लोणचं. हे मला बोलता बोलताच कळलं होतं.) आणि नेमका त्याच वेळी पाऊस उघडला, ऊन पडलं, टिन तापलं. त्या टिनाखाली, बंद झिल्लीत, अख्ख्या ओळीचे आलू. मला सगळं माहीत होतं. व्हिडिओत तर तेच दाखवलं होतं, काय करू नये या भागात. भांडं घेऊन येणाऱ्याला मी सांगायचो की या दिवसांत आलूपेक्षा वास्ते खावेत, बांबूच्या कोवळ्या कोंबांसारखं दुसरं काही नाही. ओळ वास्ते खात राहिली. मीही खाल्ले. एकदा सुलताना भाभींनी वास्त्याची भाजी वाटीतून पाठवली आणि वर निरोप, "मास्तर, आलू मुरले का ते सांगजा. आमी तर मुरलो."

मग वास सुरू झाला.

सगळ्यांचं एकमत झालं की उंदीर मेला आहे. माझंही झालं. वास सगळ्यात जास्त जलालुद्दीनभाईंच्या आणि माझ्या घरात होता, आणि उंदराला कापडाच्या चिंध्या आवडतात, त्यामुळे उंदीर त्यांच्याकडे, हे ओळीने ठरवलं. ठरवण्यात मी मदत केली. बिचाऱ्यांनी मशीन बाहेर काढली, कपाट बाहेर काढलं, कापडाचे गठ्ठे बाजेवर मांडले. मी टॉर्च धरून त्यांच्या मागे फिरलो आणि उंदीर मरताना ओल्या जागी जातो, अशी माहिती पुरवत राहिलो. उंदीर सापडला नाही. त्यांची पूर्वी हरवलेली कात्री सापडली, तिचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. "तुमच्यामुळं सापडली, मास्तर." तो चहा मी प्यायलो.

तेव्हा मला माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज उत्तर थोडं बदलतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण मग टॉर्च मारताना मी एकदाही माझ्या माळ्याकडे का वळवली नाही? ज्याला माहीत नसतं तो सगळीकडे पाहतो. मी सगळीकडे पाहिलं, एक जागा सोडून.

नंतर एका दुपारी वह्या तपासत असताना एका मुलाच्या निबंधावर वरून तपकिरी थेंब पडला. विषय होता 'माझा शेजारी'. मी शिडी लावली. वरचं वर्णन तुला करत नाही, तू जेवायच्या आधी पत्र वाचत असशील. झिल्ली हाताला गरम लागली आणि आत काही हलल्यासारखं झालं, एवढंच. चिलटांचा ढग उठला. ते सगळं घमेल्यात घालून मी मागच्या अंगणात खड्डा खणून पुरत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून अंजनाबाई.

"काय लावून राह्यले जी मास्तर?"

"पपई," मी म्हणालो.

"हो का."

माळा मी राखेने घासला, फिनाइलने पुसला. वास माझ्या घरातून गेला. पण तो जिथे जाऊन बसला होता तिथून तो निघायचा नव्हता. जलालुद्दीनभाईंनी आमच्या शाळेचे गणवेश शिवून, घडी घालून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले होते, पावसाची ओल लागू नये म्हणून. त्यांची वरची फळी म्हणजे माझा माळा. मध्ये भिंत नाही. मुलांना ते चौदा ऑगस्टला वाटले आणि पंधराला सगळी शाळा नवीकोरी होऊन झेंड्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी ऊन होतं. ऊन लागलं तसे कपडे बोलायला लागले. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं आणि 'या पवित्र मातीचा सुगंध' इथे आल्यावर रुमाल काढला. दुसरीतली एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "सर, माह्या फराकीले मेल्या उंदराचा वास येते." तिच्या शेजारची म्हणाली, "माह्याबी." मग ओळीने सगळे एकमेकांना हुंगू लागले. राष्ट्रगीत झाल्यावर हुंगू लागले हे मुलांच्या शिस्तीबद्दल सांगायला हवं.

इथपर्यंत बाई, तू हसत असशील. मीही हे लिहिताना दोनदा हसलो. आता पुढचं.

स्टाफरूममध्ये चर्चा झाली. कोणीतरी (नाव लिहीत नाही, कारण नाव लिहून मला सुटका मिळेल) म्हणालं, "अहो, त्यांच्या घरात काय काय शिजत असते, काय काय टांगलेलं असते, वास येणारच."  मी त्यांचा भिंतीला भिंत शेजारी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. पण तोंड हसल्यासारखं केलं. नुसते ओठ थोडे ताणले. एवढंच केलं, आणि तेवढं पुरलं.

तुला आठवतं, आपल्या आजोबांना गुरुजी वर्गाबाहेर ओट्याखाली बसवायचे, आणि पाटी पाहायला घेताना नाकाला धोतराचा सोगा लावायचे? चांद्याला धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्या माणसाने मरेपर्यंत रोज धुतलेला पांढरा सदरा घातला. आणि घालण्याआधी तो नाकाशी धरून हुंगायचे. आपण लहानपणी त्यांची नक्कल करायचो, तू फार छान करायचीस. मोठं होईपर्यंत आपल्याला कळलं नाही की ते काय शोधत होते.

परवा मला तेच दिसलं. मुख्याध्यापकांनी गणवेश परत पाठवले. जलालुद्दीनभाईंनी ते सगळे गरम पाण्यात, रिठ्यात, पुन्हा साबणात धुतले आणि ओळीभर दोऱ्या बांधून वाळत घातले. मी शाळेतून येत होतो. ते दोरीपाशी उभे राहून एक बारका सदरा दोन्ही हातांनी नाकाशी धरून हुंगत होते. मग दुसरा. मग तिसरा. मला पाहून म्हणाले, "मास्तर, तुमी पाहा बरं. माह्या नाकाले आता काई समजत नाई. येते का वास?" मी हुंगलं. नव्हता येत. "नाही येत," म्हणालो. त्या दिवसांतलं माझं हे एकच वाक्य खरं आहे.

उद्या शाळेत बैठक आहे. गणवेशाचा दुसरा जोड जलालुद्दीनभाईंकडेच द्यायचा की अहेरीच्या शिंप्याकडे, हे ठरायचं आहे. ते आमच्या शाळेसाठी मी इथे बदलून यायच्या आधीपासून शिवतात. जाड मुलांच्या बगला सैल, वाढत्या मुलांच्या दुमडी मोठ्या, हे त्यांना न सांगता कळतं. काम गेलं तर नुसतं काम जाणार नाही, काम का गेलं तेही गावभर होणार. आणि बैठकीत वाचायचं टिपण, 'गणवेश अस्वच्छ जागेत ठेवले गेल्याबाबत', कोणी लिहायचं? मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुमची मराठी चांगली आहे. शिवाय तुम्हाला जागा माहीत आहे."

जागा मला माहीत आहे, बाई. माझ्याइतकी कोणालाच नाही.

ते टिपण लिहायला मी आज सकाळी बसलो. 'सदर' एवढा एक शब्द झाला. मग मागच्या अंगणात गेलो, तर तिथे अंजनाबाई कुंपणाशी उभ्या. मी जिथे पपई लावली होती तिथे हिरवीगार, लुसलुशीत रोपं आली आहेत. (सगळेच सडले नव्हते तर! ज्यांना कोंब फुटले होते त्यांनी सूड घेतला.) "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्या पपईले आलूचा पाला काऊन आला?"  त्यांनी कुंपणावरून वाकून एक पान उलटवून पाहिलं. "गेल्या साली तुमीच सांगतलं होतं, आलू हिरवा दिसला का विष समजा. हे तर लय हिरवं दिसून राह्यलं जी." आणि जाता जाता, "मी तोंड नाई उघडत. माहं तोंड लहान हाय. तुमचं मोठं हाय, तुमीच उघडा."

म्हणून हे पत्र. तुला सांगितलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. उद्या मी बैठकीत काय बोलावं, हे तू सांगावंस असं मी लिहिणार होतो. पण पत्र तुला पोचेल तेव्हा बैठक होऊन गेली असेल, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. म्हणजे सल्ला विचारल्याचं पुण्य मिळावं आणि सल्ला मिळू नये, अशी ही सोय. आलूंच्या आधीपासूनच मी असा असलो पाहिजे.

भाऊजींना खोकल्यासाठी अडुळसा द्यावा.

तुझा,
सुनिल

ता. क. १: मुख्य गोष्ट राहिली. मूलच्या बाजारातून एक पोतं आलू घेऊन बसने पाठव. माती असलेले घे, धुतलेले नको, मध्यम आकाराचे, म्हणजे ओळीला तेच वाटतील. पोत्यावर 'तांदूळ' लिही आणि वरून थोडे तांदूळही घाल. बैठकीत मी म्हणेन की टिपणाला थोडा वेळ लागेल. तेवढ्यात आलू आले की मी ते माळ्यावर चढवीन आणि सगळ्यांसमोर खाली काढीन: पाहा, मुरले. मग आलू शाबूत, म्हणजे वास उंदराचाच होता, आणि मेलेला उंदीर काही कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणजे जलालुद्दीनभाईंवरचा ठपकाही जाईल. सगळ्यांचं भलं होईल. हा विचार लिहून पाहिला तेव्हा बरा वाटला. मोठ्याने म्हणून पाहिला तेव्हा तेवढा बरा वाटला नाही, पण दुसरा सुचत नाही.

ता. क. २: बाई, मशीन बंद आहे. ती कधी बंद पडली ते मला सांगता येत नाही. वरचं म्हणून झालं आणि खोलीत एकदम शांतता असल्याचं जाणवलं.  मग भिंतीच्या वरून जलालुद्दीनभाईंचा आवाज आला.

"मास्तर, दोरा सपला होता."

"कधी?" मी विचारलं.

"मंगाच. तुमी उंदराले ओली जागा पाह्यजे म्हनत होते तवा."

"मग दुसरा दोरा लावला काऊन नाई?" (बघ, घाबरलो की माझी शाळेची मराठी पळून जाते.)

"तुमी चांगलं वाचून राह्यले होते."

मला वाटलं आता ते इकडे येतील. आले नाहीत. बाज करकरली, म्हणजे बसले असावेत. तिथूनच म्हणाले, "ते आजोबाच्या सदऱ्याचं एक डाव पुन्हा वाचा." मी वाचलं.   मग म्हणाले, "मले राग नाई आला असं नोका समजू. लय आला. चहा पाजला होता ना तुमाले मी."

मी हो म्हणालो.

"उद्या काय वाचनार तिथी?"

मी सांगितलं, अजून 'सदर' एवढंच झालं आहे.

"मग हेच वाचा. असंच मोठ्यानं. इथी मले मशीनवर बसून ऐकू आलं, तिथी साऱ्यायले ऐकू जाईन."

आणि ओळीच्या पार टोकाकडून, चार घरांवरून, अंजनाबाई: "आनि पपईचंबी वाचजा जी!"

ता. क. ३: पत्र आता पाकिटात घालत नाही. उद्या बैठकीत वाचून झालं की मग बसवाल्याकडे देईन, त्यामुळे तुला पोचायला एक दिवस उशीर होईल. मुख्याध्यापकांचं टिपण मी लिहिणार नाही, किंवा लिहिलं तर जागा माझी आहे असं लिहीन. वाचताना मी ता. क. १ गाळणार होतो. पण ते ओळीने ऐकलेलं आहे, आता गाळून उपयोग नाही.

आलू पाठव. पण वर तांदूळ घालू नकोस. पोत्यावर मोठ्या अक्षरात 'आलू' लिही, खाली माझं नाव लिही, आणि ते बसच्या टपावर उघडं दिसेल असं ठेवायला सांग. ते यंदा अंजनाबाईंकडे राहतील. आणि भरण्याआधी एकेक हुंगून घे.